वहिनींचा प्रश्न आणि नागोयाची कात्री

आमच्या नागोयाची कोंबडी जपानभर प्रसिद्ध आहे. 'नागोया कोचीन' म्हणतात तिला. नाव ऐकून इथं नवीन आलेल्या भारतीयाला हमखास केरळ आठवतं, पण कोचीन ही मूळची चिनी जात. शेजारच्या कोमाकीत, मेइजी काळात, दोन माजी समुराई भावांनी तिचा स्थानिक कोंबड्यांशी संकर केला. १९०५ साली या नव्या जातीला मान्यता मिळाली.

हे कौतुक गावी दादाला फोनवर सांगत होतो, तर त्याचं लक्ष भलतीकडेच. शेडवर दोनशे पिल्लं आली होती आणि वहिनी त्यांना लासोटाचे थेंब घालू देईनात. "त्या बाटलीत जिवंत मानमोडीच असते म्हणे. मग आपल्याच हातानं पिल्लांच्या डोळ्यात रोग घालायचा का?" गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पंचवीस-तीस गावठी कोंबड्या चार दिवसांत गेल्या होत्या. माना वाकड्या, हिरवी हगवण. त्यांना वेड्यात काढायची माझी काही हिंमत नव्हती.

मानमोडी म्हणजेच राणीखेत, जगाच्या भाषेत न्यूकॅसल. लासोटातला विषाणू खरंच जिवंत असतो आणि त्याच जातीचा असतो. मग एक मारतो आणि दुसरा नाही, असं का? या कोड्यावर मोठं काम आमच्या नागोया विद्यापीठातच झालंय, योशियुकी नागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून.

या विषाणूच्या अंगावर 'एफ' नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या आवरणात मिसळून आत शिरायचं काम त्याचं. पण ते तयार होतं अखंड, आणि ठरलेल्या जागी कापलं गेल्याशिवाय चालत नाही. कात्री विषाणूकडे नसते, ती कोंबडीच्या शरीरानं पुरवायची. नागाईंनी १९७६ साली जर्मनीतल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की सौम्य विषाणू बहुतेक पेशींत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो, नवे कणही बाहेर पडतात; पण त्यांचं एफ न कापलेलं, म्हणून पुढच्या पेशीचं दार त्यांना उघडत नाही. साथ तिथंच थांबते. त्याच पेशींवर ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य घातलं की मात्र हाच विषाणू सुसाट पसरतो.

१९८७ साली नागोयाच्या गटानं ती कापायची जागाच वाचून काढली. मारक विषाणूत तिथं आर्जिनिन, लायसिन अशी अमिनो आम्लं दाटीनं बसलेली. ती कापणारी फ्युरिन नावाची कात्री जवळपास प्रत्येक पेशीत असते, म्हणून तो मेंदूपर्यंत पोचतो आणि मान मोडतो. (करोनाच्या वेळी हे 'फ्युरिन' पेपरात वाचल्याचं आठवत असेल.) सौम्य विषाणूत ती दाटी नाही. त्याला चालणारी कात्री श्वासमार्ग आणि आतडं अशा थोड्याच ठिकाणी मिळते. पिल्लू दोन दिवस शिंकतं, प्रतिकारशक्ती तयार होते, संपलं.

मग हा विषाणू लसीसाठी अंड्यात कसा वाढवतात? मला सगळ्यात आवडलेला भाग हा. १९९० साली याच गटाला अंड्यातल्या भ्रूणाच्या द्रवात कात्री सापडली. ती निघाली रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाची सख्खी बहीण!

वहिनींनी सगळं ऐकलं आणि नेमकं विचारलं, "अन् हाच सौम्य उद्या कडक झाला तर?" होतं तसंही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात तिथल्याच एका सौम्य विषाणूची त्या जागची मोजकी अक्षरं बदलली आणि तो कोंबड्या मारू लागला. तो लसीतला नव्हता, एवढं मी सांगितलं. आरटूबी ही पुढची लस मात्र मुळातच जरा कडक, म्हणून ती पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाल्यावरच टोचतात.

थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "बरं, घालू. पण तालुक्याहून बाटली आणताना बर्फ वितळला तर?"

"तर मेलेलं पाणी डोळ्यात घालाल," मी म्हटलं. दादा थर्मास शोधायला उठला.