बारा निशाणांचा शिलेदार : निकोला अनेल्का

लंडन शहराच्या उत्तरेस, हर्टफर्डशायर परगण्यातील लंडन कोल्नी या गावाजवळ आर्सेनल क्लबाने १९९९ च्या ऑक्टोबरात जे विस्तीर्ण सरावकेंद्र उघडले, त्याच्या उभारणीस सुमारे १ कोटी पौंड खर्च आला. आणि हा खर्च मुख्यत्वेकरून ज्या एका व्यवहाराच्या रकमेतून भागला, तो व्यवहार अवघ्या वीस वर्षे वयाच्या एका फ्रेंच खेळाडूच्या विक्रीचा होता. अडीच वर्षांपूर्वी सुमारे ५ लाख पौंडांना घेतलेला निकोला अनेल्का त्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने २ कोटी २० लाखांहून अधिक पौंड मोजून नेला, आणि त्याच मोसमात आर्सेनलने त्याच्या जागी सुमारे १ कोटी १० लाख पौंडांना तिएरी हेन्री आणला, जो पुढे २२८ गोल करून त्या क्लबाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ गोलकर्ता ठरला. ज्याच्या निघून जाण्याने एखाद्या संस्थेस इतके चिरस्थायी लाभ झाले, असा दुसरा खेळाडू त्या क्लबाच्या दफ्तरात क्वचितच सापडेल. आणि तरीही त्याचे नाव निघाले की तेथील जुन्या प्रेक्षकांना प्रथम आठवते ती त्याची अप्रसन्न मुद्रा आणि त्याचे सोडून जाणे.

मराठेशाहीच्या लष्करात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, आणि जेथे कदर होईल तेथे ती रुजू करण्याची त्याला मुभा असे. युरोपातील फुटबॉलपटू दीर्घकाळ बारगीर होता. करारनाम्याची मुदत संपली तरी जुन्या क्लबाच्या हाती पैसे पडल्याखेरीज त्याची सुटका होत नसे. बेल्जियममधील लिएज क्लबाच्या जाँ-मार्क बोस्मान या सामान्य गुणवत्तेच्या खेळाडूने या प्रथेविरुद्ध फिर्याद गुदरली, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने असा निवाडा दिला की, मुदत संपलेला खेळाडू युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात विनामोबदला जाऊ शकेल, आणि त्या संघातील नागरिकांच्या संख्येवर क्लबांना राष्ट्रीयत्वाची मर्यादा घालता येणार नाही. या निवाड्याची शाई वाळते न वाळते तोच, १९९६ च्या प्रारंभी, पॅरिस सेंट-जर्मेनच्या पहिल्या संघात सोळा वर्षांचा अनेल्का मैदानावर उतरला. जुन्या व्यवस्थेत तो पहिल्या संघातून एक दिवसही खेळला नाही, ही गोष्ट त्याच्या चरित्राचा विचार करताना नजरेआड होऊ देता कामा नये.

त्याचा जन्म १४ मार्च १९७९ चा, व्हर्सायनजीकच्या ल शेने येथला. आईवडील कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक या फ्रेंच बेटावरून आलेले. बालपण पॅरिसच्या पश्चिमेकडील त्राप या उपनगरात, स्थलांतरित कुटुंबांच्या उंच वसाहतींमध्ये गेले. क्लेरफोंतेन येथील राष्ट्रीय फुटबॉल संस्थेत निवडक मुलांना जे शिक्षण दिले जाते ते त्याला मिळाले, आणि पॅरिसमध्ये पुरेशी संधी मिळत नाही असे पाहून सतराव्या वर्षी, १९९७ च्या फेब्रुवारीत, तो आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्याकडे लंडनला गेला.

पुढल्या मोसमात आर्सेनलचा आघाडीचा खेळाडू इयन राइट दुखापतीने बाजूला झाला आणि या मुलाला सलग खेळण्याची संधी मिळाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने गोल केला; १६ मे १९९८ रोजी वेंब्लीवर न्यूकॅसलविरुद्धच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात सहकारी ओव्हरमार्सच्या पाठोपाठ दुसरा गोल त्याचा होता, आणि त्या वर्षी आर्सेनलने साखळी व चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सने विश्वचषक जिंकला तो मात्र त्याच्यावाचून. प्रशिक्षक एमे जाके यांनी अखेरच्या क्षणी ज्या सहा खेळाडूंना वगळले त्यांत तो होता. पुढच्या मोसमात त्याने साखळीत १७ गोल केले, आणि १० फेब्रुवारी १९९९ रोजी वेंब्लीवर इंग्लंडविरुद्ध फ्रान्सने मिळवलेल्या २-० विजयातील दोन्ही गोल त्याचेच होते. बचावफळीच्या पाठीमागे मोकळी जागा दिसताच देहाची किंचितही ओढाताण न करता, जणू सहजच, तो इतरांच्या पुढे निघून जाई. वेग पुष्कळांजवळ असतो; वेगात असूनही संथ दिसणे हे फार थोड्यांना साधते.

परंतु प्रेक्षकांना जो वेग मोहवीत होता, त्यात त्याचे स्वतःचे मन रमत नव्हते. त्याची कारकीर्द बारकाईने पाहिली की एक कलह वारंवार डोके वर काढताना दिसतो, आणि तो पैशाचा नव्हे. आघाडीच्या खेळाडूने उभे कोठे राहावे, याचा तो कलह आहे. प्रत्येक क्लबाने त्याला घेतले ते बचावपटूंच्या मागे धावण्यासाठी. त्याला मात्र मागे मध्यफळीपर्यंत येऊन चेंडू पायाशी घ्यावा, दोन पास द्यावेत, खेळ रचावा आणि मग पुढे जावे असे वाटे. जे त्याला मोकळे सोडीत त्यांच्याकडे तो फुलला, जे त्याला रेषेवर जखडू पाहत त्यांच्याशी त्याचे बिनसले. आपले म्हणणे समजावून सांगण्याची हौस त्याला कधीच नव्हती. तो गप्प बसे, आणि त्या मौनाचा अर्थ लावण्याचे काम वर्तमानपत्रांकडे जाई. लंडनच्या पत्रकारांनी त्याला रुसक्या मुलाचे टोपणनाव दिले ते याच काळात. त्याचे व्यवहार पाहणारे त्याचे दोघे भाऊ क्लोद आणि दिदिए यांच्यावरही पुष्कळ टीका झाली.

माद्रिदचे वर्ष हे या सर्व प्रकृतीचे सारच होय. साखळीच्या १९ सामन्यांत अवघे २ गोल. जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या पहिल्या क्लब विश्वस्पर्धेत कोरिंथियन्सविरुद्ध दोन गोल आणि त्याच सामन्यात एक वाया गेलेली पेनल्टी. मार्चमध्ये प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांच्याविषयी जाहीर तक्रार करून त्याने सरावास नकार दिला, आणि क्लबाने त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केले. माफी मागून तो परतला. आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध माद्रिदमध्ये चौथ्याच मिनिटाला गोल करून त्याने संघाला आघाडी मिळवून दिली, तर परतीच्या सामन्यात, रेआल २-१ असे हरले तेव्हा, त्यांचा एकमेव गोलही त्याचाच होता. त्या दोन गोलांच्या बळावर रेआलने अंतिम फेरी गाठली आणि २४ मे रोजी पॅरिसलगतच्या सेंट-डेनी येथे व्हॅलेन्सियाला ३-० असे हरवून आपला आठवा युरोपीय चषक जिंकला. माद्रिदच्या इतिहासात अनेल्का हे अपयशाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मला हा न्याय मान्य नाही. ज्या चषकासाठी तो क्लब जगतो, त्याच्या वाटेतला सर्वांत अवघड घाट त्यानेच ओलांडून दिला.

यानंतरच्या मुक्कामांची हकिकत त्वरेने सांगता येईल. २००० मध्ये, युरोपीय अजिंक्यपद पटकावणाऱ्या फ्रेंच संघाचा सदस्य म्हणून, तो सुमारे २ कोटी २० लाख पौंडांना पॅरिसला परतला. तेथे पटले नाही. डिसेंबर २००१ मध्ये लिव्हरपूलकडे लोनवर गेला, पण प्रशिक्षक जेरार उलिए यांनी त्याला कायम न करता सेनेगलच्या एल हाजी दियुफला पसंती दिली. मग केव्हिन कीगन यांचे मँचेस्टर सिटी, १ कोटी ३० लाख पौंड. येथे १६ ऑक्टोबर २००४ रोजी त्याने चेल्सीविरुद्ध पेनल्टीवर जो गोल केला तो नमूद करण्याजोगा आहे, कारण जोझे मोरिन्यो यांच्या ज्या चेल्सीने त्या मोसमात ९५ गुण मिळवून विजेतेपद जिंकले, तिला साखळीत एवढा एकच पराभव पत्करावा लागला. जानेवारी २००५ मध्ये तो इस्तंबूलच्या फेनरबाहचेकडे गेला आणि त्याच मोसमात तुर्की साखळीचे विजेतेपद त्याच्या पदरी पडले. त्यापूर्वीच, २००४ मध्ये, त्याने इस्लामचा स्वीकार केला होता. ऑगस्ट २००६ मध्ये बोल्टनसारख्या लहान गिरणगावाच्या क्लबाने आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी रक्कम, सुमारे ८० लाख पौंड, त्याच्यासाठी मोजली आणि त्या मोसमात सातवे स्थान मिळवून युरोपीय स्पर्धेत प्रवेश मिळवला.

जानेवारी २००८ मध्ये १ कोटी ५० लाख पौंडांना तो चेल्सीत दाखल झाला, आणि चार महिन्यांतच, २१ मे रोजी, मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत बदली म्हणून उतरलेल्या अनेल्कावर सातवी पेनल्टी घेण्याची पाळी आली. जॉन टेरी पाय घसरून चुकला नसता तर ही पाळी येतीच ना. गोलरक्षक व्हान देर सारने उजवीकडे झेपावून चेंडू अडवला आणि चषक युनायटेडकडे गेला. अशा रात्रीनंतर अनेकांची उमेद खचते. त्याने पुढच्याच मोसमात साखळीत सर्वाधिक १९ गोल करून सुवर्णबूट मिळवला, आणि कार्लो अँचेलोत्ती यांच्या हाताखाली २००९-१० मध्ये साखळी व चषक दोन्ही जिंकले. सहकारी ड्रोग्बा पुढे आणि अनेल्का किंचित मागे अथवा बाजूला, या रचनेत त्याला हवे ते स्वातंत्र्य अखेर मिळाले. चेल्सीतील चार वर्षे हा त्याचा सर्वांत दीर्घ मुक्काम ठरला, यात मला योगायोग दिसत नाही.

आणि नेमका तोच जुना कलह दक्षिण आफ्रिकेत स्फोटक झाला. १७ जून २०१० रोजी पोलोक्वाने येथे मेक्सिकोविरुद्धच्या विश्वचषक सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांनी त्याला मागे येऊ नकोस, पुढेच राहा, असे बजावले. शब्दाला शब्द वाढला, उत्तरार्धात तो बाहेर बसला, फ्रान्स ०-२ हरला. दोन दिवसांनी ‘लेकीप’ या दैनिकाने त्याच्या तोंडची म्हणून एक अर्वाच्य शिवी मुखपृष्ठावर छापली. फ्रेंच फुटबॉल महासंघाने त्याची तत्काळ रवानगी केली, आणि २० जून रोजी क्निस्ना येथे सर्व संघाने बसमध्ये बसून सरावावर बहिष्कार टाकला. खेळाडूंचे निवेदन वाचून दाखवण्याचे काम स्वतः दोमेनेक यांनाच करावे लागले. छापलेले शब्द आपले नव्हेत असे अनेल्का सतत सांगत राहिला. वृत्तपत्राविरुद्धची फिर्याद मात्र तो हरला. महासंघाने त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी घातली, आणि ६९ सामने व १४ गोलांवर त्याची राष्ट्रीय कारकीर्द संपली. उपनगरांतील मुलांच्या उद्धटपणाची कथा म्हणून फ्रान्समध्ये या प्रकरणाची जी मांडणी झाली, तीत वर्णाचा आणि वर्गाचा विखार पुष्कळ होता, आणि तो अनेल्काच्या उद्धटपणाहून मला अधिक गंभीर वाटतो.

त्याच्या पुढील एका कृत्याचे समर्थन मात्र करवत नाही. शांघाय शेनहुआतील वर्ष आणि युव्हेंटसमधील काही महिने संपवून तो वेस्ट ब्रॉमविचकडे आला असता, २८ डिसेंबर २०१३ रोजी वेस्ट हॅमविरुद्ध गोल केल्यावर त्याने हाताची जी खूण केली, ती ज्यूद्वेषाशी जोडली गेलेली होती. आपण ती एका विनोदी नटमित्रासाठी केली असे त्याने सांगितले. चौकशी मंडळाने तो स्वतः ज्यूद्वेष्टा आहे असे म्हटले नाही, पण पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंडांचा दंड ठोठावला. एखादी खूण कोणाच्या जखमेवर पडते याचा विचार न करणे हाही अपराधच आहे. मार्चमध्ये क्लबाशी त्याचा संबंध तुटला.

अशा स्थितीत, पस्तिसाव्या वर्षी, तो मुंबईस आला. या शहराचे फुटबॉल एकेकाळी गिरण्यांचे आणि कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स यांच्या संघांतील खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असत, कूपरेज मैदानावर खेळत, आणि १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकासाठी झुंजत. महिंद्र युनायटेडही २०१० मध्ये बंद पडल्यावर या परंपरेचा शेवटचा मोठा खांब कोसळला. त्या पोकळीत २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. बंदीचे राहिलेले सामने भरून काढावे लागल्यामुळे मुंबई सिटीच्या पहिल्या काही लढतींत, पुण्याच्या संघाला ५-० असे हरवले त्या दिवशीही, अनेल्का मैदानाबाहेरच होता. नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर तो पुढे खेळला तो जुन्या वेगाने नव्हे. खाली येऊन चेंडू मागणे, मान वर करून पास देणे, हा त्याचा मनाजोगता खेळ येथे त्याला कोणी मना केला नाही.

२०१५ मध्ये त्याच्याकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी आली, आणि त्याच्या संघात दाखल झाला सुनील छेत्री, ज्याने मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, धेंपो आणि अमेरिकेतील कॅन्सस सिटी अशी स्वतःची भटकंती करून झालेली होती. २८ ऑक्टोबरला नॉर्थईस्ट युनायटेडवरच्या ५-१ विजयात छेत्रीने हॅटट्रिक केली; या स्पर्धेत ती करणारा तो पहिला भारतीय. तीन आठवडे उलटण्याच्या आतच, १७ नोव्हेंबरला, फातोर्ड्यात गोव्याने मुंबईला ७-० असे चिरडले. संघ आठांत सहावा आला आणि अनेल्काने निरोप घेतला. बारा क्लब, सात देश, इंग्लंडच्या साखळीतील १२५ गोल आणि सुमारे पावणेनऊ कोटी पौंडांचे व्यवहार पाठीशी असलेल्या या माणसाला प्रशिक्षकपद पेलले नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याने आयुष्यभर आपले म्हणणे मनातच ठेवले, त्याला दुसऱ्यांना समजावून सांगण्याचे काम कठीण जावे, हे स्वाभाविकही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा त्याच्याच एका जुन्या क्लबाच्या, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या, मालक समूहाने घेतला, आणि १३ मार्च २०२१ रोजी त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलाने मुंबईने इंडियन सुपर लीगचा चषक प्रथमच जिंकला.