लाकडाची शाळा

लाकडाची शाळा म्हटलं की पोटात गोळा येतो. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, ९४ मुलं गेली. तिथं पेटलं होतं झावळ्यांचं छप्पर. मग इंग्लंडात नॉरिचला २०१० साली 'ओपन अकॅडमी' ही मोठी शाळा लाकडी भिंतींवर उभी केली, ती कोणत्या भरवशावर?

उत्तर अम्मीच्या चुलीत आहे. काटक्या भुर्रकन जळायच्या. जाड ओंडका मात्र वरून काळा पडायचा, आत कोराच. या बांधणीत फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून जाड तक्ते करतात. आगीत अर्ध्या तासात साधारण दोन सेंटिमीटर लाकूड कोळसा होतं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. तेवढी जाडी आधीच जास्त धरायची, म्हणजे मुलांना बाहेर काढेपर्यंत भिंत उभी राहते. चिकटवणारा सरस मात्र उष्णतेला टिकणारा हवा. तो सुटला तर थर गळतो नि आतलं कोरं लाकूड पुन्हा पेट घेतं.

तक्ते कारखान्यातून कापूनच येतात. वजन काँक्रीटच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढं, त्यामुळे काम झटपट उरकतं. ओल आणि वाळवी हे त्यांचे खरे वैरी. ते कोकणातल्या माणसाला काय सांगायचं!