मनःस्वास्थ्याच्या गोळ्या : घेणें आणि सोडणें

सावद्याच्या आसपास तापीकांठच्या काळ्या जमिनींत केळीची बाग लावणारा शेतकरी एका अर्थीं वर्षभर जागाच असतो. कंद लावल्यापासून घड कापेपर्यंत सुमारें वर्ष जातें. थंडी वाढली तर चरका, उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ सुटलें तर एका रात्रींत उभी बाग आडवी, आणि सर्व निभावलें तरी भाव घसरण्याची धास्ती. अशा गांवांत झोंप न येणें हा आजार म्हणून कोणी सांगत नाहीं. छातींत धडधडतें, घास उतरत नाहीं, पहांटे तीनला उघडलेला डोळा पुन्हां लागत नाहीं, असें सांगितलें जातें. आणि केव्हां तरी एका चिठ्ठीबरोबर एक लहानशी गोळी घरांत येते.

त्या गोळीनें गुण येतो, हें प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण या औषधांविषयीं बोलणारे पुष्कळ लोक तीं जणूं विषच आहेत अशा आवेशानें बोलतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम हीं सारीं एकाच कुळांतलीं औषधें होत. बेंझोडायझेपिन हें त्या कुळाचें नांव. भयाचा एकाएकीं झटका आलेल्या माणसास, शस्त्रक्रियेपूर्वीं घाबरलेल्या रुग्णास, अपस्माराचा झटका थांबत नसलेल्या मुलास, दारू सोडतांना थरथरणाऱ्या मद्यप्यास त्यांच्याइतका तात्काळ उपयोग दुसऱ्या फार थोड्या औषधांचा होतो. घोटाळा होतो तो पुढें. दोन आठवड्यांकरितां लिहिलेली चिठ्ठी पाकिटांत घडी घालून ठेवली जाते, ओळखीचा दुकानदार तिच्यावरील तारीख पाहिली न पाहिली असें करतो, आणि दोन आठवड्यांचीं दोन वर्षें होतात. ज्या डॉक्टरनें गोळी सुरू केली त्यास ती अद्याप चालू असल्याचें ठाऊकही नसतें.

अस्वस्थतेवर गोळीचा उतारा शोधण्याची हौस नवी नाहीं. अफूची बाळगोळी जुन्या घरांतून परिचित होती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक आया विसाव्या शतकाच्या आरंभीं ती तान्ह्या मुलांस देऊन कामावर जात. मूल रडत नसे, पण त्याची भूकही भागत नसे. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत ब्रोमाइडें आलीं. १९०३ सालीं फिशर आणि फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनीं व्हेरोनाल पुढें आणलें, आणि त्याच्या पाठोपाठ बार्बिट्युरेट कुळांतल्या औषधांची रीघ लागली. त्यांनीं झोंपेबरोबर कित्येकांचे प्राणही नेले; कारण झोंप आणणारें प्रमाण व जीव घेणारें प्रमाण यांत अंतर थोडें होतें.

आजच्या गोळ्यांचा जन्म मात्र एका आवराआवरींत झाला. लिओ स्टर्नबाख हा पोलंडांत शिकलेला रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील नटली येथें रोश कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. त्यानें केलेलीं द्रव्यें निरुपयोगी ठरलीं आणि तें काम मागें पडलें. १९५७ सालीं प्रयोगशाळा आवरतांना एका सहकाऱ्यास न तपासलेलें एक द्रव्य आढळलें. तें फेकून न देतां प्राण्यांवर तपासण्यास पाठविलें, तों प्राणी गुंगून न पडतां शांत झालेले दिसले. तेंच लिब्रियम. तें १९६० सालीं विक्रीस आलें, आणि १९६३ सालीं त्याचें भावंड डायझेपाम हें व्हॅलियम या नांवानें आलें. बार्बिट्युरेटप्रमाणें या नुसत्या गोळ्यांनीं माणूस सहसा दगावत नाहीं, एवढ्यावरून त्या निर्धोक ठरविल्या गेल्या.

वास्तविक इशारा फार लवकर मिळाला होता. लिब्रियम बाजारांत येऊन वर्ष होतें न होतें तोंच, १९६१ सालीं, लिओ हॉलिस्टर या अमेरिकन डॉक्टरनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कित्येक महिने हें औषध मोठ्या प्रमाणांत घेणाऱ्या ११ रुग्णांस त्यांनीं एकाएकीं तशाच दिसणाऱ्या, पण निर्गुण गोळ्या दिल्या. ११ पैकीं १० जणांस नवा त्रास सुरू झाला. दोघांस तर झटके आले. प्रमाण मोठें होतें हें खरें. परंतु नेहमींचें प्रमाणही दीर्घकाळ घेतल्यास तोच प्रकार घडूं शकतो हें मान्य होण्यास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं. इंग्लंडांतील औषधसुरक्षा समितीनें १९८८ सालीं दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचविली. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें या साऱ्या कुळाच्या वेष्टनावर परावलंबनाचा ठळक चौकटींतला इशारा सक्तीचा केला तो थेट २०२० सालीं. शास्त्रास माहीत झालेली गोष्ट चिठ्ठीपर्यंत पोंचण्यास किती काळ लागतो, याचें हें एक नमुनेदार उदाहरण आहे.

असें होण्याचें कारण मेंदूच्या घडणींत आहे. मेंदूंत पेशींस उत्तेजन देणारे संदेश असतात, तसे त्यांस आवरणारेही असतात. आवरण्याचें काम मुख्यतः गॅबा नांवाचें द्रव्य करतें, आणि गोळी त्या गॅबाचा हात बळकट करते. परंतु मेंदू हा मोठा हिशेबी गृहस्थ आहे. बाहेरून रोज मदत येते असें दिसतांच तो आपल्या बाजूनें आवरण्याची व्यवस्था सैल करतो. म्हणून कांहीं आठवड्यांत पहिल्याइतकी झोंप लागेनाशी होते, आणि अर्ध्या गोळीची एक होते. अशा स्थितींत मदत एकाएकीं थांबली, तर लगाम सुटलेल्या घोड्यासारखी मज्जासंस्था उधळते. हात कांपतात, घाम फुटतो, उजेड आणि आवाज सोसत नाहीं, झोंप अजिबात उडते. क्वचित् भास होतात, आणि झटके येतात. हीं लक्षणें मूळच्या आजाराच्या लक्षणांसारखींच दिसतात, हा यांतला सर्वांत कपटी भाग होय. दोन दिवस गोळी चुकली, जीव घाबरा झाला, कीं रोगी म्हणतो, "पाहा, आजार अजून आहेच." वस्तुतः तो आजार नसून गोळीची मागणी असते. अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी ही मागणी लवकर करते. डायझेपाम शरीरांतून सावकाश जातें, म्हणून त्याची मागणीही उशिरा येते.

खानदेशांत व शेजारच्या मुलखांत या गोळीस आणखी एक नांव पडलें आहे. मालेगांव, धुळें या भागांत पोलीस पकडतात त्या अल्प्राझोलामच्या गोळ्यांस वर्तमानपत्रांत 'कुत्ता गोळी' म्हणतात. छत्रपति संभाजीनगराकडे नायट्राझेपामसारख्या गोळ्यांस 'बटण' असें नांव आहे. नशेकरितां तरुण मुलें त्या एका वेळीं अनेक गिळतात. या बातम्या छापल्याच पाहिजेत. पण त्यांचा एक परिणाम छापणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, सावद्याच्या एखाद्या घरांत कॉलेजांत जाणारी नात अशी बातमी वाचते, आणि आजोबांच्या उशाशीं असलेल्या पाकिटावर तेंच नांव तिला दिसतें. घरांत एकच गलका होतो. ज्यांनीं सारा जन्म तंबाखूला हात लावला नाहीं त्या आजोबांस तर मेल्याहून मेल्यासारखें होतें. पाकीट त्याच संध्याकाळीं उकिरड्यावर जातें, आणि घर वांचलें असें सर्वांस वाटतें. दोन-तीन दिवसांनीं आजोबा घामानें भिजलेले असतात. भिंतीवर माणसें दिसतात म्हणतात. चौथ्या दिवशीं झटका येतो. त्या घरांत धोका कालपर्यंतच्या गोळीपेक्षां परवांच्या संध्याकाळच्या निश्चयांत अधिक होता.

ही कल्पना अतिशयोक्त वाटूं नये. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निझामाबादेसह तेलंगणाच्या कांहीं भागांत ताडींत अल्प्राझोलाम व डायझेपाम मिसळण्याचा प्रकार वर्षानुवर्षें चालत आला होता. २०१५ सालीं तेथें कडक कारवाई झाली, भेसळ एकदम आटली, आणि थरथराट, भ्रम, झटके अशा अवस्थेंत माणसांची रीघ सरकारी रुग्णालयांस लागली. कारवाई योग्यच होती. पण शरीरास कायद्याची अंमलबजावणी कळत नाहीं. त्यास उतरण्यास पायऱ्या लागतात.

त्या पायऱ्या कशा असाव्यात याचा सर्वांत सहानुभूतिपूर्ण विचार इंग्लंडांत न्यूकॅसल येथील प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांनीं केला. १९८२ ते १९९४ अशीं बारा वर्षें त्यांनीं केवळ या गोळ्या सोडूं पाहणाऱ्यांसाठीं चिकित्सालय चालविलें. लवकर उतरणाऱ्या गोळीच्या जागीं हळूहळू सावकाश उतरणारें डायझेपाम आणावें, मग तें थोडें थोडें, कित्येक आठवडे, प्रसंगीं कित्येक महिने कमी करीत न्यावें, आणि गति रुग्णाच्या सोसण्यावर ठरवावी, अशी त्यांची रीत. एखादी पायरी जड गेली तर तेथेंच कांहीं दिवस थांबावें. घाई करूं नये. अर्थात् हें गणित डॉक्टरनेंच मांडावयाचें. शेजाऱ्याचें प्रमाण आपल्यास लागू पडत नाहीं. येथें एक भेद घरांतल्या मंडळींनींही ओळखला पाहिजे. सांगितल्याप्रमाणें गोळी घेऊन शरीर तिला सरावलें, हा कोणाचा दुर्गुण नव्हे. चोरून, वाढवून, नशेसाठीं घेणें हें निराळें. पहिल्या प्रकारच्या माणसास दुसऱ्याच्या रांगेंत बसविलें कीं तो लपवूं लागतो, आणि लपवलेली गोळी सुरक्षित रीतीनें सोडवितां येत नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतां येईल. ३० ऑगस्ट २०१३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या आणि १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणें अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम इत्यादि औषधें 'एच-१' या परिशिष्टांत आहेत. तीं विकतांना दुकानदारानें डॉक्टरचें व रुग्णाचें नांव, औषध आणि संख्या वेगळ्या वहींत नोंदवून ती वही तीन वर्षें ठेवावयाची असते. चिठ्ठी न मागतां गोळी देणारा दुकानदार ओळख राखतो असें गिऱ्हाइकास वाटतें. वहींत मात्र त्याची ओळख कोठेंच राहत नाहीं.

कांहीं गोष्टींस तर अपवादच नाहीं. या गोळीवर दारू घेऊं नये; दोहोंचा मिळून श्वासावर जो परिणाम होतो तो एकेकट्याचा होत नाहीं. अफूजन्य वेदनाशामकांविषयींही हेंच. गोळी घेऊन अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर मोटारसायकल काढणें म्हणजे अर्धवट झोंपेंत ती काढणें होय. साठी उलटलेल्यांत रात्रीं लघवीस उठतांना तोल जाऊन खुब्याचें हाड मोडण्याचें एक कारण पुष्कळदां हीच गोळी असते, आणि विस्मरण वाढलें तर तें वयावर ढकललें जातें.

मूळच्या चिंतेचें काय, हा प्रश्न उरतोच. धडधडीचें कारण कधीं गळ्यांतील थायरॉईड ग्रंथींत असतें, कधीं रक्त कमी असण्यांत. तें आधीं पाहिलें पाहिजे. चिंतारोगावर आतां अशीं औषधें आहेत कीं जीं गुण देण्यास कांहीं आठवडे घेतात, पण या गोळ्यांसारखी ओढ लावीत नाहींत. तींही मनानें एकदम बंद करूं नयेत. संभाषणाची शास्त्रशुद्ध उपचारपद्धति आहे. तिचा गुण सावकाश येतो, पण तो टिकतो.

जळगांव आणि धुळें येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. तेथें मानसोपचार विभागांत जातां येतें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळीं विनामूल्य बोलतां येतें. डॉक्टरकडे जातांना गोळ्यांचें पाकीट, जुनी चिठ्ठी आणि रोज खरोखर किती गोळ्या घेतल्या जातात तो आंकडा बरोबर न्यावा. आंकडा कमी करून सांगण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण उतरणीचें सारें गणित त्याच आंकड्यापासून मांडावयाचें असतें.