कमी बोलणारी यंत्रे

तापमान, आर्द्रता किंवा कंपन मोजणारी छोटी यंत्रे एखाद्या परिसरात विखरून ठेवायची, त्यांनी आपापल्या नोंदी तारेविना मुख्य केंद्राकडे धाडायच्या आणि माणसाने तेथे पुन्हा पाऊल न टाकता महिनोन्‌महिने निरीक्षण चालू ठेवायचे, ही सेन्सर जाळ्यांमागील कल्पना ऐकताना सोपी वाटते. परंतु या जाळ्यांतील अवघड भाग मोजमापाचा नसून संभाषणाचा आहे. सर्वांनी एकाच हवेत बोलायचे, प्रत्येकाजवळील ऊर्जेचा साठा तुटपुंजा आणि क्षणोक्षणी आज्ञा देणारे कोणी जवळ नाही, अशा स्थितीत कोणी, केव्हा व किती बोलावे हे ठरवणाऱ्या नियमबद्ध कार्यरीतीला, म्हणजेच अल्गोरिदमला, सर्वाधिक महत्त्व येते. आणि जे अल्गोरिदम प्रत्यक्षात टिकले, त्यांतील बहुतेकांचे कसब यंत्रांना योग्य वेळी गप्प ठेवण्यात आहे.

या प्रश्नाचे मूळ सेन्सर जाळ्यांहून जुने आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ ही रेडिओवर चालणारी संगणक-व्यवस्था सुरू केली, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणच्या टर्मिनलना एकच रेडिओ-वाहिनी वाटून घ्यावी लागत होती आणि दुसरा कोणी बोलत आहे की नाही हे त्यांना ऐकू येत नव्हते. म्हणून नियम असा ठेवला गेला, की संदेश तयार होताच पाठवावा, पोच न आल्यास तो दुसऱ्या संदेशावर आदळून नष्ट झाला असे समजावे आणि यदृच्छेने निवडलेल्या अवधीनंतर पुन्हा पाठवावा. दोघेही सारखाच वेळ थांबले, तर ते पुन्हा एकमेकांवरच आदळतील, हे त्या यादृच्छिकतेमागील कारण होते. या मोकळिकीची किंमत मात्र मोठी होती, कारण गणिताने वाहिनीचा उपयोग फार तर १८.४ टक्के होऊ शकतो असे दिसले. पुढे लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलण्याचे बंधन सुचवले, तेव्हा हीच मर्यादा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के झाली.

अलोहानेटच्या यंत्रांना विजेची चिंता नव्हती. सेन्सर जाळ्यांत तीच मुख्य चिंता ठरते. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यानजीकच्या ग्रेट डक आयलंड या बेटावर लीचचा स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी जमिनीतील बिळांत घरटी करतो, आणि निरीक्षकांच्या वारंवार येण्याजाण्याने पक्ष्यांच्या विणीत व्यत्यय येत असल्यामुळे २००२ च्या उन्हाळ्यात बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञ आणि कॉलेज ऑफ द अटलांटिकचे जीवशास्त्रज्ञ यांनी मिळून तेथे ३२ नोड, म्हणजे जाळ्याचे स्वतंत्र घटक, बसवले. प्रत्येक नोड दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि अवघ्या ४ किलोबाइट कार्यस्मृतीचा होता, आणि सेल न बदलता त्याने नऊ महिने तग धरावा अशी अपेक्षा होती. नोंदी नोडकडून बेटावरील केंद्राकडे आणि तेथून उपग्रहामार्फत इंटरनेटवर जात असत.

अशा नोडमध्ये गणित करणे स्वस्त आणि रेडिओ वापरणे महाग असते. पण सर्वाधिक ऊर्जा बोलण्यात जाते, हा साहजिक समज मात्र खरा नाही. कोणी बोलत नसतानाही कान उघडे ठेवण्यास जवळजवळ प्रत्यक्ष संदेश ऐकण्याइतकीच वीज लागते, त्यामुळे रेडिओ बहुतेक वेळ निजवून ठेवणे भाग पडते. आणि मग निजलेल्याला हाक कळावी कशी, हा नवा प्रश्न उभा राहतो. जोसेफ पोलास्टर, जेसन हिल आणि डेव्हिड कलर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘बी-मॅक’ पद्धतीत नोड ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन हवेत काही हालचाल आहे का एवढेच तपासतो, आणि पाठवणारा आपल्या संदेशाआधी त्या अंतराहून लांब असा पूर्वसंकेत देतो, म्हणजे तो ऐकणाऱ्याच्या कोणत्यातरी जागेपणात सापडतोच. यात खर्च ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्यावर ढकललेला आहे, आणि म्हणूनच जेथे संदेश क्वचित येतात तेथेच ही तडजोड परवडते.

जाळे मोठे झाले, की त्यातील प्रत्येक नोडपर्यंत नवी सूचना पोहोचवणे हेही संकट होते, कारण प्रत्येकाने ऐकलेले पुन्हा सांगायचे ठरवले तर गोंगाटात सारेच बुडते. फिलिप लेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या ‘ट्रिकल’ या २००४ मधील अल्गोरिदमने येथे चावडीवरच्या शहाण्या माणसाचा शिरस्ता उचलला: आपल्याजवळची बातमी शेजारच्या दोघा-तिघांनी आधीच सांगितलेली ऐकू आली, तर आपण गप्प बसावे. सर्वांकडे एकच आवृत्ती असेल, तर नोड दर खेपेस आपली प्रतीक्षा दुप्पट करीत एका कमाल मर्यादेपर्यंत नेतो. कोणाकडे जुनी किंवा अधिक नवी आवृत्ती असल्याचे कळताच प्रतीक्षा किमान होते आणि बदल झपाट्याने पसरतो. इतक्या थोड्या नियमांत इतके काम करणारे अल्गोरिदम या क्षेत्रात विरळाच. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये त्याचा मानक-दस्तऐवज प्रसिद्ध केला.

संदेश पाठवणारे घटक हलूही लागले, की विषय वितरित रोबोटशास्त्रात, म्हणजे अनेक साध्या रोबोटांनी मध्यवर्ती नियंत्रणाविना एकत्र काम करण्याच्या शास्त्रात, शिरतो. हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कोर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी २०१४ मध्ये १,०२४ ‘किलोबॉट’ जमवून तारा, पाना आणि ‘के’ हे अक्षर असे आकार घडवले. सुमारे ३३ मिलिमीटर व्यासाचा हा रोबोट थरथरणाऱ्या दोन मोटरींच्या जोरावर तीन ताठ पायांवर सरकतो आणि टेबलाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त किरणांनी फक्त जवळच्या शेजाऱ्यांशी बोलतो. आरंभी चार रोबोट स्थिर ठेवून त्यांच्यापासून निर्देशांक ठरवले जातात. हव्या असलेल्या आकाराचे वर्णन प्रत्येकाला दिलेले असते, मात्र आपले स्थान त्याला शेजाऱ्यांपासूनच्या अंतरांवरूनच काढावे लागते. सुरुवातीच्या रोबोटांपासून आपण किती टप्पे दूर आहोत हेही असेच कळते: शेजाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. बाहेरच्या कडेचे रोबोट समूहाची कड धरून सरकत आकारात शिरतात आणि आपली जागा आली की थांबतात.

या पद्धतीने आकार पूर्ण व्हायला सुमारे १२ तास लागत, मंद रोबोटांमागे इतर खोळंबत आणि अंतरमोजणीतील चुका साचत गेल्याने तयार आकृती काहीशी वाकडी उमटे. टेबलावर कॅमेरा टांगून एकाच संगणकाने सर्वांना दिशा दिली असती, तर आकृती अधिक रेखीव झाली असती, यात शंका नाही. पण मग रोबोटांची संख्या त्या कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेपाने बांधली गेली असती आणि तो बंद पडताच सगळा समूह जागच्या जागी थांबला असता. शेजाऱ्यांपुरते बोलणाऱ्या या रोबोटांत समूह कितीही वाढला, तरी एका रोबोटावर पडणारा संवादाचा भार जवळपास तेवढाच राहतो.