टेलिफोनचा द्वारपाल

शंभर खोल्यांच्या इस्पितळांत टेलिफोनही शंभराच्या घरांत असतात. परंतु रस्त्यावरून त्या इमारतींत शिरणाऱ्या टेलिफोनच्या तारांच्या जोड्या मोजावयास गेल्यास त्या पुष्कळदां आठ-दहाच भरतात. मग उरलेल्या नव्वद टेलिफोनांचें काय? वाचकहो, यांत गूढ कांहीं नाहीं. परिचारिकेला औषधालयाशीं बोलावयाचें असेल, तर तिचें बोलणें गांवांतील एक्स्चेंजपर्यंत जाऊन परत येण्याचें कारण नाहीं. आणि शंभर माणसांपैकीं एकाच क्षणीं बाहेर बोलणारीं माणसें थोडींच असतात. म्हणून अशा इमारतीचें स्वतःचें एक लहानसें खासगी एक्स्चेंज असतें. पूर्वीं तेथें एक बाई कानाला यंत्र लावून, दोरीच्या टोंकाची खुंटी या भोंकांतून त्या भोंकांत घालीत बसलेली असे. पुढें तिच्या जागीं भिंतीवर एक पेटी आली व तिला लोक ईपीएबीएक्स या नांवानें ओळखूं लागले.

त्या पेटीच्या पोटांत काय चालतें हा विषय मोठा आहे. आज त्यांत शिरावयाचें नाहीं. ज्या ठिकाणीं बाहेरची तार पेटीस येऊन मिळते, तेथें प्रत्येक तारेमागें एक छोटें विद्युन्मंडल असतें. तें आंत-बाहेर जाणारें प्रत्येक बोलणें तपासून सोडतें, म्हणून त्यास द्वारपाल म्हणावयास हरकत नाहीं. हा द्वारपाल सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. परंतु दार उघडण्याची रीत ज्यास ठाऊक नाहीं, त्यास संकटाच्या वेळींही तो बाहेर जाऊं देत नाहीं, आणि त्यामुळें एकदां जें घडलें तें पुढें सांगावयाचें आहे.

प्रथम बाहेरच्या तारेची भाषा समजून घेतली पाहिजे. एक्स्चेंजमधून ग्राहकाकडे तांब्याच्या दोन तारा येतात. एक्स्चेंजमध्यें ४८ व्होल्टांची मोठी घटमाला असते. तिचें धन टोंक जमिनीस जोडलेलें व ऋण टोंक तारेकडे दिलेलें असतें. असें उलटें कां? ओलसर जमिनींतून प्रवाह झिरपूं लागला म्हणजे धन बाजूचा धातु विरघळून झिजत जातो. तार ऋण ठेविली म्हणजे ती वांचते. प्रयोगशाळेंत वरच्या वर्गांतील मुलांनीं एखाद्या वस्तूवर तांब्याचा मुलामा चढविला असेल, तर धन पट्टी झिजते व ऋण वस्तूवर थर बसतो, हें त्यांनीं पाहिलेंच असेल. मैलोगणती तांबें जमिनींत पुरावयाचें, तेव्हां हा साधा धडा लाखमोलाचा ठरतो.

रिसीव्हर खालीं ठेविलेला असतो तेव्हां त्या दोन तारांमधील मार्ग तुटलेला असतो. तो उचलतांच मार्ग पुरा होतो, कांहीं मिलिअँपिअर इतका स्वल्प प्रवाह वाहूं लागतो, आणि तेवढ्यावरून एक्स्चेंज ओळखतें कीं, या घरीं कोणास तरी बोलावयाचें आहे. तबकडीच्या जुन्या टेलिफोनांत आंकडा म्हणजे या प्रवाहांतील खंड होय. तीन फिरविला तर प्रवाह तीन वेळां तुटे, शून्य फिरविलें तर दहा वेळां, आणि हे खंड सेकंदास दहा या गतीनें पडत. १९६३ सालीं अमेरिकेंत बटणांचा टेलिफोन ग्राहकांस मिळूं लागला. त्यांत प्रत्येक आंकड्यास दोन स्वर एकदम निघतात. घरीं बोलावणें आलें म्हणजे एक्स्चेंज त्याच दोन तारांवर ७५ व्होल्टांच्या आसपासचा, क्षणोक्षणीं दिशा पालटणारा प्रवाह सोडतें व त्यानें घंटा वाजते. सारा व्यवहार या चार-दोन खुणांवर चालतो.

द्वारपालाचें बाहेरच्या बाजूचें काम असें कीं, आपण एक साधा टेलिफोन आहों, असें त्यानें एक्स्चेंजला भासवावें. घंटेचा प्रवाह आला कीं नाहीं हें तो कंडेन्सरच्या साहाय्यानें ओळखतो. कंडेन्सर स्थिर प्रवाहास अडवितो, दिशा पालटणाऱ्या प्रवाहास वाट देतो. म्हणून तारेवर सदैव असलेले ४८ व्होल्ट त्यास फसवूं शकत नाहींत, घंटा मात्र तत्काळ कळते. मग एक लहान रिले मिटतो, तारेचा मार्ग पुरा होतो, आणि कोणीं तरी रिसीव्हर उचलला अशी एक्स्चेंजची समजूत होते. खरें पाहतां कोणीं कांहीं उचललेलें नसतें.

आतां बोलणें आंत न्यावयाचें. परंतु बाहेरची वीज आंत येऊं द्यावयाची नाहीं व आंतली बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं. येथें ट्रान्सफॉर्मर उपयोगीं पडतो. लोखंडी गाभ्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलेलीं असतात. त्यांचा एकमेकांस स्पर्श नसतो. आवाजामुळें कमी-अधिक होणारा प्रवाह पहिल्या वेटोळ्यांत वाहिला म्हणजे गाभ्यांतील चुंबकत्व हेलकावे खातें व दुसऱ्या वेटोळ्यांत तसाच प्रवाह उत्पन्न होतो. स्थिर प्रवाहानें असा परिणाम होत नाहीं. म्हणजे शब्द पलीकडे जातात, पण तार पलीकडे जात नाहीं! मात्र यांत एक अडचण असे. रिले मिटल्यावर वाहणारा स्थिर प्रवाहही त्याच वेटोळ्यांतून जाऊं दिला, तर गाभा चुंबकत्वानें तुडुंब भरतो व आवाज विकृत होतो. म्हणून त्या प्रवाहास दुसऱ्या एका जाड वेटोळ्यानें निराळी वाट करून देत. पुढें तेंच काम ट्रान्झिस्टर करूं लागले. पावसाळ्यांत तारेवर वीज कोसळल्यास तिला जमिनीची वाट दाखविण्यासाठीं वायूनें भरलेली एक नळीही तेथेंच असते.

या वेगळेपणावरून अमेरिकेंत एक मोठा वाद झाला व तो मोठा बोधप्रद आहे. तेथील टेलिफोन कंपनीचा, म्हणजे एटी अँड टीचा, नियम असा होता कीं, आमच्या तारेस आमच्याखेरीज कोणाचेंही यंत्र जोडावयाचें नाहीं. टेक्ससमधील टॉम कार्टर यांनीं कार्टरफोन नांवाचें यंत्र तयार केलें. शेतांत वा तेलविहिरीवर वायरलेस घेऊन फिरणाऱ्या माणसास घरच्या टेलिफोनवरून बोलतां यावें, हा त्याचा हेतु. रिसीव्हर त्या यंत्राच्या खोबणींत ठेवावयाचा. आवाज हवेंतून जाई, तारेचा तारेस संबंध येत नसे. कंपनीनें तरीही हरकत घेतली. अखेर १९६८ सालीं दळणवळण मंडळानें निर्णय दिला कीं, टेलिफोनच्या जाळ्यास अपाय होत नसेल, तर ग्राहकानें आपलें यंत्र जोडण्यास प्रत्यवाय नाहीं. तेव्हां कंपनीनें नवी अट घातली: जोडा, पण मध्यें आमची संरक्षक पेटी बसवा व तिचें भाडें द्या. पुढें १९७५ सालीं मंडळानें यंत्रांची कसोटी ठरविली. त्या कसोटीस उतरलेलें यंत्र मधल्या पेटीशिवाय जोडण्याची वाट मोकळी झाली व खासगी एक्स्चेंज बनविणाऱ्या कितीएक नव्या कारखान्यांस बाजार खुला झाला.

कंपनीची भीति अगदींच खोटी होती, असें मला म्हणवत नाहीं. सदोष यंत्रांतून घरगुती विजेचे व्होल्ट तारेवर चढले, तर खांबावर काम करणारा माणूस प्राणास मुकेल. आणि एकानें फार जोराचा आवाज सोडला, तर शेजारच्या जोडींतील बोलण्यांत तो मिसळेल. पण त्यावरचा उपाय उत्तम ट्रान्सफॉर्मर व उत्तम परीक्षा हा होता. सारा बाजार आपल्याच मुठींत ठेवणें हा नव्हे.

असो. द्वारपालाचें तोंड बाहेर टेलिफोनचें असलें, तरी आंतल्या खोल्यांकडे पेटीला एक्स्चेंजचा मुखवटा धारण करावा लागतो. प्रत्येक खोलीच्या टेलिफोनास वीज पुरविणें, अतिदाबापासून रक्षण, घंटा वाजविणें, रिसीव्हर उचलला कीं नाहीं यावर नजर ठेवणें, आवाजाचें अंकांत रूपांतर करणें, जाणारें व येणारें बोलणें वेगवेगळें करणें आणि तारेची तपासणी, अशीं सात कामें खोलीकडील मंडलास करावीं लागतात. इंग्रजींतील त्यांचीं आद्याक्षरें जुळवून अभियंत्यांनीं बोर्श्ट असा शब्द केला आहे. बोर्श्ट हें पूर्व युरोपांतील बीटाच्या तांबड्या सारासारखें कालवण. परीक्षेची यादी पाठ करणाऱ्या मुलांस ही युक्ति सांगावयास नको!

आतां द्वारपालाच्या अडचणी. पहिली अशी: घंटा अखंड वाजत नाहीं, मध्यें विराम असतो. समजा, बाहेरून बोलावणें आलें आहे, पण घंटेचा पहिला ठोका अद्याप तारेवर पडावयाचा आहे. नेमक्या त्याच क्षणीं आंतल्या कोणास बाहेर बोलावयाचें झालें, तर द्वारपालास तार मोकळीच दिसते. तो ती धरतो, आणि डॉक्टरास बोलावूं पाहणाऱ्या माणसाच्या कानीं भलत्याचाच आवाज पडतो. यावर तोडगा असा काढण्यांत आला कीं, बोलावणें येतांच घंटेची वाट न पाहतां एक्स्चेंजनें एक तार जमिनीस जोडावी. ही खूण तत्क्षणीं कळते व टक्कर जवळजवळ टळते.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक. पलीकडच्या माणसानें रिसीव्हर खालीं ठेविला, हें साध्या तारेवर निश्चित कळेलच असें नाहीं. टेलिफोनपाशीं माणूस असेल तर त्याला तें समजतें. यंत्रास कसें समजावें? पेटीनें एक बाहेरचें बोलणें दुसऱ्या बाहेरच्या तारेवर जोडून दिलें असेल व दोघेही बोलून निघून गेले असतील, तर दोन्ही तारा निमूटपणें एकमेकींस धरून बसतात. म्हणून बोलणें संपतांच कांहीं एक्स्चेंजें प्रवाह क्षणभर तोडतात, कांहीं त्याची दिशा पालटतात, व द्वारपालानें ती खूण ओळखावी अशी योजना असते.

तिसरी गोष्ट पालकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. साध्या टेलिफोनास एक्स्चेंजच्या घटमालेंतून वीज मिळते. घरांतील दिवे गेले तरी तो चालतो. ईपीएबीएक्स मात्र इमारतीच्या विजेवर चालतें. चांगल्या पेटींत यासाठीं एक रिले असतो: वीज जातांच तो आपोआप सुटून बाहेरची एक तार ठरलेल्या एका टेलिफोनास थेट जोडतो. तो टेलिफोन कोणत्या खोलींत आहे, हें वसतिगृहांतील प्रत्येकास ठाऊक असलें पाहिजे. आणि बाहेरून तांब्याच्या तारेऐवजीं कांचेचा तंतु आलेला असेल, तर त्यांतून प्रकाश येतो, ४८ व्होल्ट येत नाहींत. तेथें इमारतींत स्वतंत्र घटमाला ठेवल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां जें सांगावयाचें म्हणालों होतों तें. खासगी एक्स्चेंजमध्यें बाहेर बोलावयाचें असल्यास आधीं एक जादा आंकडा दाबावा लागतो. कोठें शून्य, कोठें नऊ. तो दाबला म्हणजेच द्वारपालाचा रिले मिटतो व बाहेरची तार हातीं येते. १ डिसेंबर २०१३ रोजीं टेक्ससमधील मार्शल या गांवीं एका प्रवासी निवासाच्या खोलींत कारी हंट या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी जवळ होती. अमेरिकेंत संकटकाळीं ९११ हा क्रमांक लावावयाचा असतो, हें तिला शिकविलेलें होतें, व तिनें तो लाविला. एकदां नव्हे, चार वेळां. परंतु त्या निवासांत बाहेरच्या तारेसाठीं आधीं आणखी एक नऊ दाबावयाचा होता. मुलीचा ९११ लागलाच नाहीं. तिची आई वांचली नाहीं.

त्या मुलीच्या आजोबांनीं मग हा प्रश्न धसास लाविला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजीं अमेरिकेंत कारी हंट यांच्या नांवानें कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बनलेल्या, विकलेल्या वा बसविलेल्या अशा प्रत्येक यंत्रांतून कोणताही जादा आंकडा न दाबतां ९११ लागलाच पाहिजे, आणि तो लागतांच इमारतीच्या कचेरींत किंवा दुसऱ्या नेमलेल्या ठिकाणींही त्याची सूचना पोहोंचली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. पेटीच्या दृष्टीनें हें काम अवघड नाहीं. ते तीन अंक ओळखून रिले मिटविण्याची आज्ञा तिला देऊन ठेवावयाची, इतकेंच.

आपल्या देशांत संकटकाळचा क्रमांक ११२ हा आहे. ज्या वसतिगृहांत, इस्पितळांत किंवा हॉटेलांत पहिल्या मजल्यावरील खोल्यांना १०१, १०२ असे क्रमांक असतात, तेथें ११२ क्रमांकाचीही खोली असण्याचा संभव आहे व तिच्या टेलिफोनासही बहुधा तोच क्रमांक दिलेला असतो. अशा ठिकाणीं ११२ दाबल्यावर पोलिसांकडे घंटा वाजेल कीं बाराव्या खोलींत, हें मुलास तेथें ठेवण्यापूर्वीं पालकांनीं व्यवस्थापकास विचारावें. आणि व्यवस्थापकास सांगतां न आल्यास, पेटी बसविणाऱ्यास बोलावून घ्यावयास सांगावें.