ड्रोनला तुमची हाक ऐकू येते का?

जत्रेत धाकट्या भावाचा हात सुटला तर तुम्ही त्याला मोठ्याने हाक मारता. तो शांत जागी असेल तर हाक पोचते. पण तो लाउडस्पीकरखाली उभा असेल तर? तुम्ही कितीही ओरडा, त्याला ऐकू येणार नाही. हौशी ड्रोनचेही असेच आहे. तुमच्याभोवती किती शांतता आहे यापेक्षा ड्रोनभोवती किती गोंगाट आहे, हे महत्त्वाचे!

हातातील रिमोट रेडिओ लहरींनी ड्रोनला आज्ञा देतो. बहुतेक हौशी ड्रोन त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात. घरोघरचे वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करतात. मग आज्ञा पोचते कशी? रिमोट आणि ड्रोन ठरलेल्या क्रमाने भराभर वारंवारता बदलत राहतात. एका वारंवारतेवर गोंगाट असला, तरी पुढचीवर आज्ञा पोचते. अशाच कल्पनेचे अमेरिकी पेटंट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ मध्ये मिळाले होते.

पण सगळाच पट्टा गजबजला तर? थोडे गणित करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक-चतुर्थांश होते. समजा, ड्रोन तुमच्यापासून २०० मीटरवर, पण एका गच्चीवरील वायफायच्या अँटेनापासून १० मीटरवर आहे. दोन्हींची शक्ती सारखी मानली, तर अँटेना २० पट जवळ; म्हणून तिचा ‘आवाज’ २० × २० = ४०० पट मोठा!

जमिनीवर चाचणी घेताना रिमोट जवळ असतो आणि भिंती परक्या लहरी बऱ्याच अडवतात. म्हणून सारे ठीक वाटते. वर भिंतींचा आडोसा नाही. तेथे साऱ्या वस्तीचा गोंगाट एकदम कानी पडतो.

संपर्क तुटल्यावर काही ड्रोन उपग्रहांच्या मदतीने आपोआप परततात. मात्र उड्डाणाची जागा आधी नोंदली गेलेली हवी, आणि परतीची उंची वाटेतील झाडे व तारा यांहून अधिक हवी. साध्या खेळण्यांत ही सोय बहुधा नसते. ती वाऱ्याबरोबर भरकटतात किंवा खाली येतात. खाली कोण उभे आहे, हे त्यांना दिसत नाही. फिरत्या पात्यांनी बोट कापू शकते, डोळाही जाऊ शकतो.

म्हणून ड्रोन मोकळ्या मैदानात, माणसे, मनोरे आणि विजेच्या तारा यांपासून दूर उडवा. तो सतत नजरेसमोर ठेवा. तेथे उड्डाणास मनाई नाही ना, हेही आधी पाहा.

करून पाहा : मोबाइलमधील वायफायची यादी उघडा. तळमजल्यावरील खोलीत किती नावे दिसतात, ते मोजा. मग मोठ्या माणसाबरोबर गच्चीवर जाऊन पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक पडला का? का पडला असेल, ते आता तुम्हीच सांगा!