रात्रभराचा गजी, दहा मिनिटांत!

दोस्तांनो, गजीनृत्य पाहिलंय कधी? आटपाडी, जत, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्याकडच्या माण-खटावात ज्यांचं आजोळ आहे, त्यांनी नक्कीच पाहिलं असेल. आरेवाडीच्या बिरोबाची जत्रा आठवा. मध्ये ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, आणि त्यांच्याभोवती रिंगण धरून नाचणारे धनगर. अंगात पायघोळ झगा, डोक्याला फेटा, हातात रंगीत रुमाल. ढोलाची चाल बदलली की पायांची चाल बदलते. सगळे एकदम वळतात, एकदम वाकतात. बघता बघता रात्र सरते, पण रिंगण काही मोडत नाही.

आता हाच नाच कोणी सांगितलं की दहा मिनिटांत करून दाखवा, तर?

असं सांगणारी एक जागा आहे. ती म्हणजे विद्यापीठाचा युवा महोत्सव. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विद्यापीठाचं उद्‌घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. त्याआधी इकडची मुलं परीक्षेला बसायची ती पुणे विद्यापीठाच्या. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलं, आणि सांगलीचं विलिंग्डन तर त्याहून जुनं, १९१९ चं. खरं म्हणजे सातारा आणि सांगली ही एकाच घरातली भावंडं. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे महोत्सवात या दोघांची चुरस लागली की मजा येते!

महोत्सव आधी जिल्ह्याजिल्ह्यांत होतो. तिथे निवडले गेलेले संघ मध्यवर्ती महोत्सवाला जातात. पुढे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' असतो, आणि दुसऱ्या वाटेने पश्चिम विभाग व शेवटी देशभरच्या विद्यापीठांचा पाच दिवसांचा मोठा महोत्सव. विद्यापीठांचा असा पहिला राष्ट्रीय महोत्सव १९५४ साली दिल्लीत भरला होता.

या मंडपात काय नसतं! एका खोलीत वादविवाद चाललेला. एकाच कॉलेजची दोन मुलं, एक विषयाच्या बाजूने बोलणार आणि दुसरा विरुद्ध. (घरी भावंडांची याची प्रॅक्टिस रोजच असते म्हणा!) शेजारी वक्तृत्व, पलीकडे प्रश्नमंजूषा. मूकनाट्याला पाच मिनिटं, शब्द एकही नाही. प्रहसनाला दहा मिनिटं, एकांकिकेला अर्धा तास. समूहगीतात सहा गायक, आणि सिनेमातलं गाणं चालत नाही! कुठे रांगोळी, कुठे मातीकाम, कुठे व्यंगचित्र. लोकवाद्यवृंदात हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं अशी वाद्यं एकत्र घुमू लागली की प्रेक्षकांचे पाय आपोआप ताल धरतात.

नाटकाच्या बाबतीत तर सांगलीकरांची कॉलर ताठच असते, आणि ती असायलाही हवी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक सांगलीतच केलं. त्यांच्या पाठीशी होते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. मराठी रंगभूमीची सुरुवात इथून मानतात. याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेत गेले दीड दिवस, पण लोकनाट्य आणि पोवाडे लिहून त्यांनी गिरणी कामगारांची मैदानं जिंकली.

पण आपण गजीकडे परत येऊ. लोकनृत्याच्या संघात नाचणारे जास्तीत जास्त दहा, साथीला पाच जण आणि वेळ दहा मिनिटं. जत्रेत कुणीही रिंगणात शिरू शकतो, इथे अकरावा चालत नाही. जत्रेत बघणारे चारी बाजूंनी असतात, त्यामुळे पाठ कुणाकडे झाली याची कुणाला फिकीर नसते. स्टेजवर सगळे बघणारे एकाच बाजूला! मग गोल रिंगणाची अर्धी कोर करावी लागते आणि पुढच्यांना मागे, मागच्यांना पुढे न्यावं लागतं. रात्रभरातल्या अनेक चालींमधून चार-पाच निवडायच्या, त्याही चढत्या लयीत. आणि वेळ संपली की संपली.

मला विचाराल तर यात नुकसान आहेच. गजीची खरी गंमत हळूहळू चढणाऱ्या लयीत आहे, आणि घड्याळ तेच कापून टाकतं. सगळ्यांचे फेटे नवेकोरे, सगळ्यांचं हसू एकसारखं, असंही काही वेळा होतं. पण दुसरी बाजूही बघा. चाल शिकायची तर वहीत कुठे लिहिलेली नसते. गावातल्या ढोल वाजवणाऱ्या आजोबांकडेच जावं लागतं. कॉलेजच्या हजेरीपटावर ज्यांचं नाव कधी लागलं नाही, ते महिनाभर मुलांचे गुरुजी होतात. ते सांगतात, "आरं, पाय आपटू नगंस. ढोल काय म्हणतोय ते आधी ऐक." हे ऐकायला कुणी आलंच नाही, तर त्या चाली त्यांच्याबरोबरच जाणार.

आता एक गोष्ट आई-बाबांसाठी. तालीम कॉलेज सुटल्यावर असते आणि गावाकडची शेवटची एसटी काही तालमीसाठी थांबत नाही. मुलगा कसाबसा मुक्काम करतो. मुलीचं नाव मात्र बऱ्याचदा याच कारणाने यादीतून गळतं. ज्या गावात दोन-तीन घरच्या पालकांनी पाळी लावून मुलींना आणायची सोय केली, तिथे हा प्रश्न अर्धा तरी सुटतो. "नाचून काय होणार?" असं विचारण्याआधी एकदा तालीम बघायला जा.

आणि मुलांनो, तुम्ही सातवी-आठवीत असलात तरी बघायला जायला काय हरकत आहे? जवळच्या कॉलेजात यंदाचा महोत्सव कुठे आणि कधी आहे ते विचारा. लोकनृत्य आणि लोकवाद्यवृंद चुकवू नका. जागा पुढची पकडा, ढोल छातीत वाजतो! निकाल लागल्यावर लगेच घरी पळू नका. तेव्हा जिंकलेले, हरलेले सगळे मैदानात उतरतात, कुणीतरी हलगीवर थाप मारतं आणि मग दहाच्या जागी पन्नास जण नाचायला लागतात.